उजवीकडचे सहा स्लायडर

सर,

परवा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी ग्राफिक इक्वलायझर शिकवला. दरवर्षी शिकवते. खराडीतल्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर काचेची एक खोली आहे. तिथे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो प्लग-इन, म्हणजे कॉम्प्युटरमधला इक्वलायझर, उघडते आणि सांगते, की हे एकतीस स्लायडर म्हणजे आवाजाचे एकतीस काप. डावीकडे खर्ज, घुमणारं, पोटात जाणवणारं. मधे माणसाचं बोलणं. उजवीकडे टोकदार, बारीक. ‘स’ आणि ‘श’, टाळांची किणकिण. एखादा स्लायडर वर नेला की तेवढाच काप वाढतो, खाली आणला की तेवढाच कमी होतो. तुम्ही मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने सांगते. परवा शेवटी एका मुलीने विचारलं, “मॅम, तुम्हाला हे कोणी शिकवलं? तेव्हा तर कोर्सेस नव्हते ना?” मी म्हटलं, असंच, काम करता करता आलं. तिने मान डोलावली आणि मी पुढचा मुद्दा घेतला. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण ते ‘असंच’ माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की नंतर जिना उतरताना मला कसंतरीच झालं. आज रविवार आहे, दुपार आहे, घरात कुणी नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

डिप्लोमाचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी पहिल्यांदा शनिवार पेठेत आले तो दिवस मला नीट आठवतो. एका स्टुडिओत हाताखाली माणूस हवाय, एवढंच कळलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, वरच्या मजल्यावर तुमचं आणि काकूंचं घर. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि नाव विचारलंत. मी आडनावासकट सांगितलं. सर, आमचं आडनाव ऐकलं की पुण्यातली बरीच माणसं क्षणभर थांबतात, मग पुढचं वाक्य जरा जास्तच गोड बोलतात. ते थांबणं मला लहानपणापासून कानाने ओळखता येतं. तुम्ही थांबला नाहीत. म्हणालात, “सोल्डरिंग येतं?” मी हो म्हटलं. “चहा करता येतो?” त्यालाही हो म्हटलं. “मग चहा मी करतो, तू ती वायर जोड.” संध्याकाळी घरी जाऊन हे वडिलांना सांगितलं. चार दिवसांनी पोस्टातलं काम सुटल्यावर ते स्वतः स्टुडिओ बघायला आले. तुम्ही त्यांना तुमच्या खुर्चीत बसवलंत, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवलेत आणि आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेली बासरी ऐकवलीत. परत जाताना बसमध्ये वडील म्हणाले, माणूस बरा आहे. त्यांच्या तोंडून कुणाबद्दल याहून मोठं काही मी ऐकलेलं नाही.

आपण रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार करायचो. बाहेरगावच्या लोकांना त्याचं हसू यायचं, पण पेठेतली दुकानं तेव्हा बंद असतात आणि गल्लीत भांडं पडलं तरी ऐकू येतं, म्हणून तीच आपली कामाची वेळ. मधेच रस्त्यावरून बस गेली की तुम्ही हात वर करून गाणाऱ्याला थांबवायचात आणि मला विचारायचात, कितीवर घुमली? मी गोंधळायचे. तुम्ही न बघता सांगायचात, ऐंशी हर्ट्झ. मग इक्वलायझरच्या काळ्या पेटीतला ऐंशीचा स्लायडर जरा खाली आणला की बस निम्मी नाहीशी व्हायची. मला ती जादू वाटायची. पहिल्याच महिन्यात तुम्ही जेवायला वर गेलात आणि मी हौसेने स्लायडर लावून ठेवले. दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली, कॅसेटच्या दुकानात लावलेले असायचे तसे. तुम्ही परत आलात, अर्धं मिनिट ऐकलंत आणि एकेक करत सगळे एकतीस स्लायडर पुन्हा मधल्या रेघेवर आणून ठेवलेत. “कान दिलेत ते नुसते डूल घालायला नाहीत,” म्हणालात. “आधी ऐक. काय टोचतंय ते शोध. ते काढ. वाढवायचं सगळ्यात शेवटी, आणि वाढवताना थोडी लाज वाटली पाहिजे.” मला रडू आलं होतं. पण आजही मी काही वाढवायला जाते तेव्हा हात आधी थांबतो.

मग दिवस बदलले. केबलवर जाहिराती आल्या, बिल्डर आले, नवीन रेडिओ केंद्रं आली. प्रत्येकाला आपला आवाज दुसऱ्यापेक्षा चकचकीत हवा होता. आपल्याकडे आठवड्यातून एखादं गाणं आणि बाकी सगळी फ्लॅटची आणि क्लासेसची जाहिरात, असं सुरू झालं. त्यामुळे तुमच्या मिक्सिंगमध्ये उजवीकडचे स्लायडर वर सरकायला लागले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, गिऱ्हाइकाला हवं तसं देताय. पण मग कीर्तनाच्या एका कॅसेटमध्येही तेच झालं. बुवांच्या प्रत्येक ‘स’ला फुरसं फुत्कारावं तसा आवाज. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे मिटून शांतपणे ऐकत होतात. तुम्हाला ते टोचत नव्हतं. तुम्हाला ते पुरेसंही वाटत नव्हतं, कारण तुम्ही हात पुढे करून शेवटचे सहा स्लायडर आणखी थोडे वर नेलेत. त्या क्षणी मला कळलं. माझ्या आजीचं असंच झालं होतं. तिला भांड्यांची खणखण ऐकू यायची, पण पाखरं ऐकू येईनाशी झाली होती. पाखरं यायचीच बंद झाली असं तिला वाटायचं.

मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी एक युक्ती शोधून काढली. तुम्ही स्लायडर लावायचात, पांढऱ्या पेन्सिलीने पेटीवर खुणा करायचात आणि जेवायला वर जायचात. शेवटची प्रत काढायचं काम माझं. तुमची पावलं जिन्यावर वाजली की मी उजवीकडचे सहा स्लायडर खाली आणायचे, प्रत काढायचे आणि तुम्ही हात पुसत खाली यायच्या आत ते पुन्हा तुमच्या खुणांवर नेऊन ठेवायचे. असं मी दीड वर्ष केलं. गिऱ्हाइकं खूश होती. तुमच्या हाताखाली राहून मुलीचा कान तयार झालाय असं काकू एकदा म्हणाल्या, तेव्हा तुम्ही हसलात. मीही हसले. मी तुमच्यावर उपकार करत होते अशी माझी समजूत होती. खोटं कशाला सांगू, त्यात थोडी मजाही होती. ज्या माणसाला मी घाबरायचे त्याची एक गोष्ट माझ्या मुठीत होती.

कॉम्प्युटर आला आणि त्यात तो प्लग-इन आला. पडद्यावर आपल्याच काळ्या पेटीचं चित्र, तेच एकतीस स्लायडर, फक्त बोटाऐवजी माउसने हलवायचे. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, हा इक्वलायझर नाही, इक्वलायझरचा फोटो आहे, याला हार घालून भिंतीवर लावा. पण दोन महिन्यांत तुमचा हात त्यावर बसला. मी माझी जुनी युक्ती त्यातही चालू ठेवली. अडचण एकच होती. पेटीवरचे स्लायडर परत जागेवर ठेवले की मागे काही उरत नसे. कॉम्प्युटर मात्र शेवटचं जे केलं ते लक्षात ठेवतो. एक दिवस मी परत जागेवर न्यायला विसरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती फाइल उघडलीत आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिलात. तुमच्या कानांना जे दीड वर्ष कळलं नव्हतं, ते तिथे डोळ्यांसमोर होतं. डावीकडचे पंचवीस तुमचे आणि उजवीकडचे सहा माझे.

“हे कुणी केलं?”

मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा फोन आला होता सर, आवाज जरा मऊ हवा म्हणाले. तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात. दुसऱ्या दिवशी जेवून खाली आलात ते म्हणालात, “माझे कान तपास.” कॉम्प्युटरमध्ये नुसता सूर काढायची सोय होती, एकच आकडा, एकच पातळी. तुम्ही पाठमोरे बसलात, हेडफोन लावलेत, आणि सांगितलंत, ऐकू आलं की बोट वर करीन, पातळी बदलायची नाही. मी एक हजार लावला. बोट वर. दोन हजार. बोट वर. तीन हजारालाही लगेच. चार हजाराला जरा उशिरा, पण वर. मग मी सहा हजार लावला. तुम्ही तसेच बसून. उजवा हात गुडघ्यावर, बोट तयारीत. थोड्या वेळाने म्हणालात, “लाव ना गं.”

तो लागलेलाच होता, सर.

तुमची मान माझ्यासमोर होती. कॉलर आतून विरलेली, मानेवरचे केस नुकतेच कापलेले. मी आवाजाची पातळी हळूहळू वर नेली. दुप्पट, चौपट, त्याच्याही पुढे. आठ हजाराला तर इतकी वर नेली, की तुमच्या हेडफोनमधून बाहेर सांडलेला तो सूर मला खोलीत या टोकाला सुईसारखा टोचत होता, तेव्हा कुठे तुमचं बोट वर आलं. तुम्ही हेडफोन काढलेत आणि वळून माझ्याकडे पाहिलंत.

“आवाज वाढवला नाहीस ना?”

“नाही सर.”

तुमचा चेहरा सैल झाला. तुम्ही उठून चहा टाकलात, आलं जरा जास्तच ठेचलंत, आणि गिऱ्हाइकांना मऊ आणि बुळबुळीत यांतला फरक कळत नाही यावर बराच वेळ बोललात. मी कप धरून ऐकत होते. मी खोटं का बोलले, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला सोयीने सांगत आले: तुम्हाला धक्का बसला असता, स्टुडिओ बंद झाला असता, ज्या माणसाने मला जागा दिली त्याला मी कसं सांगणार. हे सगळं खरं आहे. पण माझ्या पिशवीत त्या दिवशी खराडीच्या एका कंपनीचं बोलावणं होतं. परदेशातल्या लोकांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवायचे, त्यांचा आवाज मी सांभाळायचा. तुमचे कान गेलेत हे मी त्या दिवशी बोलले असते, तर तुम्ही मला जाऊ नकोस म्हणाला नसतात. पण मलाच जाता आलं नसतं. जन्मभर तुमचे कान होऊन त्या गाद्या ठोकलेल्या खोलीत बसावं लागलं असतं. मला निघायचं होतं, सर. म्हणून तुमचे कान मी चांगले करून टाकले.

महिन्याभरात मी सोडलं. तुम्ही तुमचे चांगले हेडफोन मला दिलेत आणि म्हणालात, कंपनीतले असले तर वापरू नकोस, ते कान बिघडवतात. काकूंनी पेढा दिला. खराडीचा रस्ता तेव्हा अर्धा खणलेला असायचा, काचेच्या इमारतींच्या मधे जोंधळ्याची शेतं होती, आणि मी रोज दोन बस बदलून जात होते. पहिल्या पगारात वडिलांना घड्याळ घेतलं. तुम्हाला फोन करीन करीन म्हणत राहिले. मग तुमचाच आला. कसब्यातल्या बाई तुमच्याकडे रेकॉर्डिंगला येणार होत्या.

त्या बाई कोण हे पेठेत कुणाला सांगावं लागत नसे. चाळीस वर्षं त्यांनी कसब्यात दोन खोल्यांत मुलींना गाणं शिकवलं, पण स्वतःचं एक मिनिटही कधी रेकॉर्ड होऊ दिलं नव्हतं. पंचाहत्तरी झाली तेव्हा शिष्यांनी हट्ट धरून त्यांना तयार केलं. एकच सीडी, पाच राग. आणि त्यांनी तुमचं नाव सुचवलं, कारण तुम्ही वाढवत नाही, अशी तुमची ख्याती होती. फोनवर तुमचा आवाज तरुण झाला होता. मला म्हणालात, मिक्सिंगच्या दिवशी येऊन जा, तुझाही कान लागू दे. सर, तो एक दिवस होता. मी आले असते तर सगळं वेगळं झालं असतं. मी म्हटलं, शनिवारीही काम आहे. काम होतं, पण सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. तुमच्या शेजारी बसून तो हात उजवीकडे सरकताना पाहणं मला नको होतं.

प्रकाशनाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता, रविवारी सकाळी. मी आले होते, पाचव्या रांगेत बसले होते. तुम्ही पहिल्या रांगेत, बाईंच्या शेजारी, इस्त्रीचा झब्बा घालून. भाषणं झाली, फुलं झाली, आणि सीडीतला पहिला राग मोठ्या स्पीकरवर लागला. पहिल्या दोन सुरांतच मी खाली मान घातली. तानपुरा पत्र्यासारखा वाजत होता. बाईंचा आवाज वयाने पातळ झालेला, पण त्यात ओल होती, ती सगळी सुकून गेली होती. उरली होती ती नुसती धार. प्रत्येक ‘स’ला सभागृह आक्रसत होतं. माझ्या मागचे एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, बाई गातायत का पत्र्यावर खिळा ओढतायत, ते एकदा पत्रिकेत बघून घ्या. कुणीतरी हसलं. पुढे शिष्या एकमेकींकडे बघत होत्या. आणि तुम्ही डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून, हसत होतात. तुमच्यापर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नव्हतं. मी उठले नाही. स्पीकरवाल्याकडे जाऊन नुसतं वरचं जरा कमी करा म्हटलं असतं तरी तो अर्धा तास सुसह्य झाला असता. मी उठले नाही.

संपल्यावर मी तुमच्यापासून दोन हातांवर होते, म्हणून मला ऐकू आलं. बाई तुम्हाला म्हणाल्या, “अहो, इतका चिरका झालाय का माझा गळा?” तुम्हाला ते नीट ऐकू आलं नाही. तुम्ही हात जोडून म्हणालात, अगदी स्वच्छ आलाय बाई, आरशासारखा. बाईंनी मान वळवली. मग शेजारच्या शिष्येला म्हणाल्या, “इतकी वर्षं तुम्ही एकीनेही सांगितलं नाही गं मला.” त्यानंतर त्या गायल्या नाहीत. शिकवणीसुद्धा त्यांनी दिवाळीपर्यंत हळूहळू बंद केली. दोन वर्षांनी गेल्या. आपल्या गळ्यात तसलं काही नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं. शिष्यांनी समजावलं असणारच, पण जन्मभर स्वतःचा आवाज बाहेरून न ऐकलेल्या माणसाने कुणाचं खरं मानायचं?

शिष्या दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे आल्या हे मला नंतर समजलं. त्यांना पुन्हा मिक्सिंग करून हवं होतं. ते शक्य नव्हतं. टेप महाग होती त्या काळातली तुमची सवय. काम पुरं झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसून जागा मोकळी करायची. माझ्याजवळ कार्यक्रमात मिळालेली सीडी होती. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिच्यातला बिघाड उलटा फिरवायचा प्रयत्न केला. तुम्ही जितकं वर नेलं असेल असं वाटलं, तितकं मी खाली आणलं, स्लायडरला स्लायडर. आवाज पुष्कळ परत आला, तानपुरासुद्धा. पण जिथे सूर जोराने येऊन कमाल पातळीच्या छताला आदळला होता, तिथे तो फाटलेलाच होता. फाटलेलं कुठल्याच स्लायडरने शिवता येत नाही. तीन रविवार मी त्यात घालवले. मग ती फाइल कुणालाही न देता ठेवून दिली. दिली असती तर शिष्यांनी विचारलं असतं, नेमकं कुठे बिघडलंय ते तुला कसं माहीत.

तुम्ही मला बोलावलंत ते त्यानंतर. टेबलावर दवाखान्याचा कागद होता, कानांचा आलेख. तीन हजारापर्यंत रेघ सपाट आणि पुढे कड्यावरून खाली. तुम्ही तो माझ्याकडे सरकवलात. माझ्या डोळ्यांना तो ओळखीचा होता. आपल्या पेटीवर मी दीड वर्ष तीच रेघ काढत होते. काकू दारात उभ्या होत्या, तुम्ही त्यांना वर जायला सांगितलंत. मग अगदी हळू आवाजात, जणू माझ्या कानांना त्रास होऊ नये म्हणून, विचारलंत.

“त्या दिवशी तू आवाज वाढवला होतास का?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टुडिओचं नाव गेलं होतं, बाईंचं गाणं गेलं होतं. खरं बोलून माझंही काही बिघडणार नव्हतं. तरी मी म्हणाले, “नाही सर.”

“बरं,” म्हणालात. कागदाची घडी घातलीत आणि मला वडिलांची तब्येत विचारलीत.

त्या ‘बरं’वर मी पुढची कितीतरी वर्षं जगले. मला वाटायचं, तुम्हाला सगळं समजलं होतं आणि तुम्ही मला सोडून दिलंत. पुणेरी माणूस माफीसुद्धा आखडत्या हाताने देतो, ती तशी दिलीत, असं मी धरून चालले. स्टुडिओची जागा तुम्ही कुरिअरवाल्याला दिलीत असं ऐकलं. एकदा बसच्या खिडकीतून तुम्ही दिसलात, पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होतात. मी हाक मारली नाही. मारली असती तरी ऐकू आली नसती, असं मनात आलं आणि त्याची लाज वाटली. मग तुम्ही गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं.

तुमच्या पश्चात काकू मला एकदाच भेटल्या. वडिलांना हयातीचा दाखला द्यायला घेऊन मी बँकेत गेले होते. काकूही शाळेच्या पेन्शनसाठी त्याच रांगेत होत्या. पुष्कळ वाळल्या होत्या. माझा हात धरून बाकावर बसल्या आणि तुमच्याबद्दल सांगायला लागल्या. कानाला मशीन लावायला डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं, दोनदा तर मोजमापही घेऊन झालं, पण तुम्ही लावलं नाहीत. “म्हणायचे, माझ्या विद्यार्थिनीने तपासलेत माझे कान, चांगले आठ हजारापर्यंत. दोनदा विचारलं मी तिला. ती खोटं कशाला बोलेल? दवाखान्याचंच यंत्र बिघडलेलं असणार.” डॉक्टरांशी तुम्ही त्यावरून भांडलात. बिघाड सीडीच्या कारखान्यात झाला असंही काही दिवस म्हणत होतात, मग ते म्हणणं सोडलंत. पुढे बोलणंही ऐकू येईनासं झालं, तसं माणसांत जायचं बंद केलंत. शेवटची दोन-तीन वर्षं तुम्ही दोघं घरात कागदावर लिहून बोलत होतात. काकू म्हणाल्या, मी लिहायचे, आणि हे वाचून वर मलाच विचारायचे, मोठ्याने बोलायला काय होतं तुला?

म्हणजे ते ‘बरं’ माफीचं नव्हतंच. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता, इतकंच. डॉक्टरांच्या कागदाला खोटं ठरवून ठेवला होता. खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं. बाकावर आम्ही दोघीच होतो, वडील काउंटरकडे बघत होते. मग त्यांचा नंबर पुकारला गेला आणि मी उठले.

हे मी कुणाला पाठवणार आहे? काकू आता मुलाकडे असतात, पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना वाचता येतं, चष्म्याशिवाय सुद्धा. पण या वयात त्यांनी हे वाचून त्या कागदांवरच्या सगळ्या भांडणांचा हिशेब पुन्हा कशाला मांडायचा, असं मी म्हणते, आणि हेही पुन्हा माझ्या सोयीचंच आहे हे मला माहीत आहे. मी ते पाठवणार नाही. फक्त एक गोष्ट राहिली, ती लिहून टाकते. तुम्ही गेल्याचं मी वाचलं ते ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, दुपारी जेवताना. डबा उघडला होता आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी पेपर टाकून गेलं होतं. छोटी चौकट, तुमचा जुना फोटो. अंत्यसंस्कार दुपारी, वेळ दिली होती, निघाले असते तर पोहोचले असते. आधी मला वाईट वाटलंच नाही, सर. आता तो प्रश्न विचारणारं कुणी राहिलं नाही, एवढंच वाटलं, आणि खांदे हलके झाले. मी पेपर घडी करून ठेवला आणि डबा पूर्ण खाल्ला.